प्रार्थनेच्या जागीच घात झाला. त्या लोकांसाठी मी काय करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिकवते. तीन आठवड्यांपूर्वी आमच्या वस्तीलगतच्या एका प्रार्थनास्थळावर सकाळच्या वेळी हल्ला झाला. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाचे आजोबा त्यात गेले. मी त्या धर्माची नाही. भेटायला जावं का, गेले तर काय बोलावं, काहीच कळत नाही. गावातली मोठी माणसं त्यांना सांगतायत, 'झालं गेलं विसरा, माफ करा, गावात शांतता राहू द्या.' मुलगा अजून शाळेत येत नाही. ती माणसं यातून सावरतील का? आणि मी काय करू?"

बाई, आधी एवढंच सांगते: जा. आज संध्याकाळी जा. तीन आठवडे झाले म्हणून उशीर झाला असं मनात आणू नका. पहिल्या आठवड्यात दारात गर्दी असते, पुढारी येतात, कॅमेरे येतात. तिसऱ्या आठवड्यात ओटा रिकामा होतो. घरातल्या बाईला तेव्हा पहिल्यांदा कळतं की चहाची एक कपबशी रोज जास्तीची निघते आहे. माणूस लागतं ते त्या वेळी.

बोलायचं काय, याची काळजी करू नका. "मी तुमच्या नातवाची बाई. आजोबा गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं" एवढं पुरे. मग बसा. त्यांनी पाणी दिलं तर प्या, चहा दिला तर नाही म्हणू नका. दुःखाच्या घरी पाहुण्याने काही न घेता उठून जाणं त्यांना टोचतं, आणि तुम्ही परधर्माच्या असाल तर जास्तच टोचतं. काय झालं, कसं झालं, तुम्ही कुठे होतात, हे विचारू नका. ते आपणहून सांगू लागले तर मधे न बोलता ऐका.

हे माझ्या पदरचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक मार्गदर्शिका काढली, तिचा गाभा तीन शब्दांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. घडलेलं सगळं एका बैठकीत तपशिलाने वदवून घ्यायचं, म्हणजे मन मोकळं होतं, अशी एक पद्धत पूर्वी बरीच चालायची. तिचा उपयोग होत नाही आणि काहींना तिने उलट त्रासच होतो, असं पुढे अभ्यासातून दिसलं. आम्हीही सुरुवातीच्या काळात ती वापरली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मी मानसोपचार विभागात समाजकार्यकर्ती म्हणून सव्वीस वर्षं काम केलं. बहुतेक दवाखान्यात, काही वर्षं गावोगाव. त्यातला एक प्रसंग तुम्हाला सांगते. गाव सांगत नाही, आणि लोक कोणत्या धर्माचे होते तेही मुद्दाम सांगत नाही.

प्रार्थना चालू असताना तिथे हल्ला झाला होता. माणसं आत होती, म्हणजे चपला बाहेर होत्या. पंचनाम्यात त्या सगळ्या चपला दोन गोणपाटांत भरून नेल्या गेल्या. महिना-दीड महिन्याने त्यातल्या बऱ्याचशा परत मिळाल्या. त्या गोण्या कोणीतरी आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ओतल्या आणि ज्याने त्याने आपापली न्यावी म्हणून निरोप दिला. कोणी आलं नाही. मी दुसऱ्याच कामाने तिथे गेले होते. एक सत्तरीच्या आजी एकट्याच त्या ढिगाशी बसल्या होत्या आणि जोड लावत होत्या. डावी, उजवी, डावी, उजवी. मीही शेजारी बसले आणि लावू लागले. तासाभराने त्यांना एक चपल सापडली. अंगठा तुटला होता, तो पांढऱ्या सुतळीने घरीच शिवलेला. शिवलेला त्यांनीच. त्या म्हणाल्या, "चांभाराकडे न्या म्हणून सांगत होते. नको म्हणाले, तूच शिव." दुसऱ्या पायाची मिळालीच नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशी आणखी दोघीजणी आल्या. पाचव्या दिवशी वीसेक माणसं त्या शेडमध्ये होती आणि त्यांच्यात पहिल्यांदा बोलणं सुरू झालं. तोवर आम्ही समुपदेशनासाठी शाळेचा एक वर्ग मागून घेतला होता, फळ्यावर वेळापत्रक लिहिलं होतं, तिथे कोणी फिरकत नव्हतं. त्या आठवड्यानंतर मी वर्ग सोडला आणि शेडमध्ये जाऊन बसू लागले.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं, आणि तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर म्हणावं असं तेवढंच आहे. प्रत्येक धर्मसमूहाकडे दुःखाची आपली एक रीत तयार असते. कोणाचा दहावा-तेरावा, कोणाचा चाळिसावा, कोणाचे सात दिवस जमिनीलगत बसणं, कोणाचा अखंड पाठ. पिढ्यानपिढ्या घासून गुळगुळीत झालेली ती वाट असते. अचानक झालेली हिंसा नेमकी ती वाट अडवते. प्रेत पोलिसांच्या ताब्यात, जागेला सील, दारात बंदोबस्त, आणि विधी करणारा माणूसच कधीकधी मेलेल्यांत. बाहेरच्या माणसाने करायचं ते इतकंच की ती वाट मोकळी करून द्यायची. त्यावरून चालतील ते त्यांचे ते.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचं पाहा. १५ मार्च २०१९ ला शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी तिथल्या दोन मशिदींत मिळून ५१ माणसं मारली गेली. इस्लाममध्ये दफन शक्य तितक्या लवकर, होता होईल तो चोवीस तासांच्या आत करायचं असतं. पण इतक्या प्रेतांची ओळख पटवायची, ती चुकता कामा नये, म्हणून पहिलं दफन थेट बुधवारी, २० तारखेला झालं. ते सीरियातून आश्रयाला आलेल्या एका बापाचं आणि त्याच्या मुलाचं होतं. अधिकाऱ्यांचं कारण खरं होतं, त्यांनी कुचराई केली असं कोणी म्हणणार नाही. तरी त्या पाच दिवसांत त्या घरांचं काय झालं असेल ते प्रेतागाराबाहेर ताटकळलेल्या कुठल्याही माणसाला विचारा. त्या दिवसांत दूरदूरहून माणसं आली ती प्रेतांना आंघोळ घालायला आणि कफन करायला. मशिदीतला गालिचा बदलला गेला, भिंती सारख्या झाल्या, आणि २३ मार्चला, म्हणजे आठ दिवसांनी, त्यातल्या अल नूर मशिदीचं दार पुन्हा उघडलं.

मला जास्त माहिती आहे ती ओक क्रीकची गोष्ट. कामानिमित्त मी ती बारकाईने वाचली, आणि माझी एक भाची त्या भागात राहते म्हणून ती घरातही बोलली गेली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी शहराच्या दक्षिणेला हे लहानसं गाव आहे, तिथे शिखांचा गुरुद्वारा आहे. ५ ऑगस्ट २०१२, रविवार. सकाळी साडेदहाच्या सुमारास लोक जमत होते, बायका लंगरचा, म्हणजे सगळ्यांसाठीच्या मोफत जेवणाचा, स्वयंपाक करत होत्या. गोऱ्यांच्या वर्चस्ववादाने डोकं फिरलेला एक माजी सैनिक बंदूक घेऊन आला. (मी त्याचं नाव घेणार नाही. क्राइस्टचर्चनंतर तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनीही संसदेत सांगितलं होतं की त्या माणसाचं नाव आपण उच्चारणार नाही. ही रीत मी माझ्या कामात कायम पाळली आहे.) बाहेर खेळणाऱ्या दोन मुलांनी पहिल्या गोळ्या पाहिल्या आणि ती ओरडत आत पळाली, म्हणून कितीतरी माणसं लपू शकली. स्वयंपाकातल्या बायका शिधा ठेवायच्या खोलीत दाटीवाटीने कोंडून बसल्या. सहा माणसं गेली. त्यात गुरुद्वाराचे अध्यक्ष सतवंत सिंग कालेका होते. सर्वांत आधी पोहोचलेले पोलीस अधिकारी ब्रायन मर्फी यांना पंधरा गोळ्या लागल्या, ते वाचले.

त्यानंतरचा आठवडा बघा. शुक्रवारी गावातल्या हायस्कूलच्या व्यायामशाळेत सहाही शवपेट्या उघड्या ठेवून अंत्यदर्शन झालं, हजारो माणसं आली. तपास संपून इमारत ताब्यात मिळाली तशी गुरुद्वाऱ्यातल्या माणसांनी स्वतःच बादल्या घेतल्या. गालिचे काढले, नवे घातले, भिंतींना रंग दिला, गोळ्यांची भोकं बुजवली. मग अखंड पाठ बसवला, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबची १४३० पानं न थांबता, साधारण अठ्ठेचाळीस तासांत वाचायची. एक थकला की दुसरा बसतो. आणि रविवारी, बरोबर आठव्या दिवशी, नेहमीची सेवा झाली, नेहमीसारखा लंगर झाला.

इथे थोडं थांबते, कारण हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. म्हणजे पंढरपूरच्या वाटेवरच्या त्या शिंप्याचे शब्द त्या दोन दिवसांत, रंगाचा वास अजून न गेलेल्या त्या दालनात, सात समुद्रांपलीकडे वाचले गेले. आणि शिखांचा घातपाताशी संबंध आपल्या मातीतही आहे. गुरू गोविंदसिंगांवर १७०८ मध्ये नांदेडच्या मुक्कामी हल्लेखोराने वार केला, आणि तिथेच गोदावरीकाठी त्यांचा अंत झाला. त्या जागी आज हजूर साहिब उभं आहे आणि तिथला लंगर दिवसरात्र चालतो. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तिथे जेवून उठलेले कितीतरी जण हे वाचत असतील.

शिखांच्या अरदासचा, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेचा, शेवट असा आहे: "नानक नाम चढदी कला, तेरे भाणे सरबत दा भला." चढदी कला म्हणजे पडत्या काळातही चढतं ठेवलेलं मन. ऐकायला सोपं वाटतं. पण ओक क्रीकमध्ये बाबा पंजाब सिंग नावाचे एक ग्रंथी, म्हणजे ग्रंथ साहिब वाचणारे धर्मसेवक, होते, त्यांच्या डोक्यात गोळी गेली होती. ते जगले, पण पुढची साडेसात वर्षं अंथरुणाला खिळून, बोलता येत नाही अशा अवस्थेत. घरचे त्यांच्याशी पापण्यांच्या उघडझापेवर बोलत. मार्च २०२० मध्ये ते गेले. आकडा सहाचा सात झाला तो असा, साडेसात वर्षांनी. म्हणून कोणी मला विचारलं की हे लोक किती दिवसांत सावरतील, तर मी दिवस सांगत नाही. लंगर आठव्या दिवशी सुरू झाला हे खरं आणि एका घरात ५ ऑगस्ट साडेसात वर्षं संपला नाही हेही खरं.

तुम्ही ज्या लोकांकडे जाणार आहात त्यांच्याकडेही असंच असेल. कोणी दुसऱ्याच दिवशी झाडू घेऊन उभा राहील, कोणी त्या गल्लीतून पाय टाकणार नाही. दोघंही बरोबर आहेत.

जागेचं काय करायचं, यावरून पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत त्यांच्यात वाद होतील. होऊ द्या. खुणा पुसायच्या की ठेवायच्या? ओक क्रीकमध्ये प्रार्थनेच्या दालनाच्या चौकटीतलं गोळीचं एक भोक बुजवलं नाही. त्याच्याखाली छोटी पट्टी बसवली, तिच्यावर हल्ल्याची तारीख आणि "आम्ही एक आहोत" एवढेच शब्द. आपल्या मुंबईत २००८ च्या नोव्हेंबरात कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, तिथले रब्बी (धर्मगुरू) आणि त्यांची पत्नी धरून तिथे सहाजण मारले गेले, आणि त्यांच्या दोन वर्षांच्याही नसलेल्या मुलाला सांभाळणाऱ्या बाईने उचलून बाहेर आणलं. ती वास्तू जवळजवळ सहा वर्षांनी, ऑगस्ट २०१४ मध्ये पुन्हा सुरू झाली. वरच्या मजल्यांवरच्या गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंती तशाच राखल्या. अमेरिकेत पिट्सबर्गच्या ज्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, २७ ऑक्टोबर २०१८ ला ११ माणसं गेली, ती इमारत मात्र बरीचशी पाडून नव्याने बांधायचं ठरलं. तीन ठिकाणी तीन निर्णय, आणि त्यात एकही चुकीचा नाही. माझा आग्रह एवढाच असतो की निर्णय त्या लोकांनीच घ्यावा, घाईने घेऊ नये, आणि आमदार-खासदारांनी स्मारकाची कोनशिला घेऊन मधे येऊ नये. निधी द्यायचा तर द्या आणि बाजूला व्हा.

आता "माफ करा, विसरा" याबद्दल. बाई, याबाबत मला राग येतो, तो मी लपवत नाही.

२०१५ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या चार्ल्सटनच्या एका जुन्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये बायबल वाचायला जमलेल्या नऊ जणांना मारलं गेलं. दोनच दिवसांनी कोर्टात काही नातेवाइकांनी मारेकऱ्याला उद्देशून सांगितलं, आम्ही तुला क्षमा करतो. जगभर ते दाखवलं गेलं, लोक हेलावले. त्या माणसांचा तो विश्वास होता, त्यांची ती ताकद होती, मी त्यांच्यापुढे हात जोडते. पण त्याच नऊ घरांतल्या काहींनी पुढे स्पष्ट सांगितलं की आम्ही क्षमा केलेली नाही. त्यांच्याकडे कॅमेरे फारसे वळले नाहीत. क्राइस्टचर्चच्या खटल्यात २०२० च्या ऑगस्टमध्ये शिक्षेच्या सुनावणीत तीन दिवस नातेवाईक आणि जखमी एकामागून एक उभे राहून बोलले. एकाने क्षमा केली, दुसऱ्याने शाप दिला, तिसऱ्याने नुसतं मेलेल्या मुलाबद्दल सांगितलं. न्यायालयाने सगळ्यांचं सगळं ऐकून घेतलं. पिट्सबर्गमध्ये तर मारेकऱ्याला फाशी द्यावी की नाही यावर एकाच छताखाली प्रार्थना करणाऱ्या माणसांची मतं उघड उघड वेगळी पडली.

तेव्हा गावातली जी मोठी माणसं तिसऱ्या आठवड्यात माफीची भाषा बोलतायत, त्यांना विचारावंसं वाटतं: ही शांतता कोणासाठी? ज्याच्या घरातला माणूस गेला त्याने माफ करायचं की नाही, कधी करायचं, हा त्याचा एकट्याचा अधिकार आहे. बाहेरच्याने ती मागितली की दुःखावर आणखी एक ओझं चढतं. आता त्याला रडायचंही असतं आणि आपण किती समजूतदार आहोत हेही दाखवायचं असतं. अशी दाबलेली माणसं मी पाहिली आहेत. चार-पाच वर्षांनी ती दवाखान्यात येतात. तक्रार असते पाठीची, पोटाची, झोपेची.

आणि उलट बाजूनेही सावध राहा. तरुण पोरांचा राग पाहून कोणी त्यांना भरीला घालायला येईल. तो राग वाईट नाही, त्याला काम द्यायला हवं. ओक क्रीकमध्ये आई गमावलेला एक अठरा वर्षांचा मुलगा दीड महिन्यात अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे जाऊन बसला. त्याचं मागणं ऐका: शिखांवर द्वेषातून झालेल्या हल्ल्यांची सरकार वेगळी नोंदच करत नव्हतं, तर निदान माझ्या आईला आकडेवारीत तरी जागा द्या. २०१५ पासून तिथल्या तपास यंत्रणेने शीख, हिंदू आणि इतर काही समूहांवरच्या अशा गुन्ह्यांची वेगळी नोंद सुरू केली. गुरुद्वाराच्या अध्यक्षांचे थोरले चिरंजीव परदीप कालेका यांनी हल्ल्याच्याच वर्षी अर्नो मायकेलिस या माणसाला शोधून काढलं. मारेकरी गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या ज्या टोळीत पुढे सामील झाला, ती उभारणाऱ्यांत हे मायकेलिस होते आणि बऱ्याच वर्षांपूर्वी त्यातून बाहेर पडले होते. बापाचा मारेकरी असा का झाला, हे मुलाला विचारायचं होतं. पुढे त्या दोघांनी मिळून शाळाशाळांतून मुलांबरोबर काम सुरू केलं. हे सगळ्यांना जमेल असं नाही, आणि जमायलाच हवं असंही नाही. पण राग असा कुठेतरी लावता येतो.

तुमच्या गावात तो कागदांवर लागू शकेल. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, नुकसानभरपाईचा अर्ज, जखमींच्या दवाखान्याची बिलं, जबाबाची प्रत. यातला एक कागद अडला की महिने जातात, आणि दर खेपेला साहेबांसमोर तीच हकिकत पुन्हा सांगावी लागते. तुम्ही शिक्षिका आहात, अर्ज नीट लिहिता. त्या घराला विचारा, "कागदपत्रांचं काही राहिलंय का? मी लिहून देऊ? तहसीलला बरोबर येऊ?" सहानुभूतीच्या दहा वाक्यांपेक्षा हे त्यांच्या जास्त कामी येईल. त्यांच्या समाजात शिकलेली पोरं-पोरी असतील तर त्यांनाही त्यात घ्या. हात कामात असले की ती एकटी बसून मोबाइलवर तेच तेच व्हिडिओ पाहत नाहीत. (हल्ल्याची चित्रफीत गावात फिरत असेल तर ती तुमच्या फोनमधून ताबडतोब काढा आणि शाळेच्या पालकांच्या गटावर तसं स्पष्ट लिहा. मेलेल्या माणसाच्या नातवाला त्याच्या शेवटच्या क्षणाची चित्रफीत कोणीतरी दाखवतं, हे मी पाहिलेलं आहे.)

आता तुमचा विद्यार्थी.

त्याच्याशी बोलताना "आजोबा देवाघरी गेले" असं म्हणू नका. आपल्या तोंडात ते इतकं बसलं आहे की आपण विचारही करत नाही. पण हे आजोबा खरोखरच देवाच्या घरी गेले होते आणि तिथे मारले गेले. अशाच घटनेनंतरची एक सात वर्षांची मुलगी माझ्याकडे आणली होती. ती घरातल्या देवाच्या कोनाड्यापुढून जाताना भिंतीला चिकटून जायची. घरच्यांना वाटलं, बाहेरची बाधा. तिला मी कागद-रंग दिले आणि दोन-तीन भेटींनंतर ती म्हणाली, "बाबा देवाघरी गेले, मग परत आले नाहीत." तिच्या हिशेबाने त्या कोनाड्याच्या आत कुठेतरी ते घर होतं. चौथीतला मुलगा तिच्यापेक्षा मोठा आहे, पण तरी सरळ शब्द वापरा. आजोबा वारले. एका माणसाने त्यांना मारलं. त्यात तुझी काही चूक नाही. हे शेवटचं नक्की सांगा, कारण या वयाची मुलं भलताच हिशेब मांडून बसलेली असतात: मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर गेलो असतो तर, मी हट्ट करून त्यांना घरी ठेवलं असतं तर.

तो पुन्हा पुन्हा तेच विचारेल, तेच उत्तर द्या. अंथरूण ओलं करणं, आईला चिकटून राहणं, बंदुकीचे खेळ खेळणं, अभ्यासात मागे पडणं, हे पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत बहुतेक मुलांचं होतं आणि बहुतेकांचं कमीही होत जातं. मोठ्यांचंही तसंच. आवाजाने दचकणं, झोपमोड, डोळ्यांपुढे तेच येणं, हे लगेच आजार म्हणायचं कारण नाही. पण महिना उलटूनही ते कमी होत नसेल, माणूस जेवत नसेल, कामाला जात नसेल, दारूकडे वळला असेल, किंवा मरणाच्या गोष्टी बोलत असेल तर मात्र थांबू नका. मरणाची गोष्ट असेल तर महिनाही थांबू नका. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तुम्ही नुसता क्रमांक देऊ नका, शेजारी बसून लावून द्या.

वर्ष फिरून ती तारीख येईल, तेव्हा सगळं पुन्हा वर येईल. तीही पेलायची रीत ते लोक आपली आपण शोधतात. ओक क्रीकमध्ये दरवर्षी त्या सुमाराला सहा जणांच्या आठवणीत सहा किलोमीटर धावतात-चालतात, त्याला नाव चढदी कला. तुमच्या गावात काय होईल ते त्यांचं ते ठरवतील. बोलावलं तर जा, आणि आधी विचारून घ्या की काय घेऊन यायचं, डोकं झाकायचं का, कुठे बसायचं.

शाळेसाठी एक करा. मुलगा येण्याआधी वर्गातल्या बाकीच्या मुलांशी दहा मिनिटं बोला. त्याच्या आजोबांना काय झालं ते दोन वाक्यांत सांगा, आणि त्याला त्याबद्दल खोदून विचारायचं नाही, खेळायला मात्र नेहमीसारखं घ्यायचं, हे सांगा. त्याच्या धर्माची आणखी मुलं वर्गात असतील, आणि मारणाऱ्याच्या धर्माचीही असतील. दोघांकडे बघून बोला, आवाज एकच ठेवा. कोणी घरून ऐकून आलेलं काही वेडंवाकडं बोललं तर तिथेच थांबवा, पण त्या पोराला सगळ्यांसमोर उभं करू नका, मधल्या सुट्टीत बाजूला घ्या.

त्याची बाकावरची जागा कोणाला देऊ नका. घरी जाल तेव्हा चुकलेल्या धड्यांबद्दल काही काढू नका, फक्त "तुझी जागा ठेवली आहे" एवढं त्याला सांगून या. तो आला की सगळ्यांनी टाळ्या वाजवणं, फुलं देणं, असलं काही नको. हजेरी घ्या आणि त्याचं नाव रोजच्या क्रमाने, रोजच्या आवाजात घ्या.